वर्धेपलीकडची काडतुसे : १९४८, राजुरा आणि निजामाचा दारूगोळा

#थ्रेड

चंद्रपूरहून राजुऱ्याकडे निघालेली एसटी बल्लारपूर मागे टाकते आणि वर्धा नदीच्या पुलावर येते. खिडकीशी बसलेला मनुष्य पाण्याकडे एकदा पाहतो, मोबाइलमध्ये डोके घालतो, तोवर पूल सरलेला असतो. १९४८ च्या उन्हाळ्यात याच नदीच्या अलीकडे स्वतंत्र भारताचा चांदा जिल्हा होता आणि पलीकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा राजुरा तालुका. अलीकडे १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा चढला. पलीकडे तो चढायला आणखी तेरा महिने लागले. १७ सप्टेंबरला राजुऱ्यात मुक्तिदिन साजरा होतो, तो त्यामुळेच.

या तेरा महिन्यांविषयी आपण रझाकारांचे अत्याचार, सत्याग्रह, ऑपरेशन पोलो या अंगाने पुष्कळ वाचलेले असते. आजच्या धाग्यात त्याच काळाकडे एका अत्यंत रुक्ष वाटणाऱ्या वस्तूच्या अंगाने पाहू. ती वस्तू म्हणजे काडतूस. पुरवठा तुटणार हे दिसत असताना एखादे राज्य दारूगोळा कसा साठवू पाहते, आणि तो साठा त्याला का पुरत नाही, हा आजचा विषय. समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरणारे ‘निजामाकडे इतकी शस्त्रे होती की...’ या धाटणीचे संदेश ज्यांनी वाचले असतील, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावे अशी विनंती.

प्रारंभ मात्र बंदुकीपासून करावा लागेल.

कोकणात जिला ठासणीची बंदूक म्हणतात, तिला आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘भरमार’ म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी वा कागदाचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, आणि हे सारे गजाने ठासायचे. आजही या भागातील पोलिसी बातम्यांत ‘भरमार बंदूक जप्त’ हे शब्द वाचायला मिळतात. सतराव्या शतकात भरात असलेले तंत्र एकविसाव्या शतकाच्या पंचनाम्यात जिवंत राहावे, हे नवलच. पण त्यामागे एक साधे कारण आहे. या बंदुकीचा खुराक बराचसा गावातच मिळत असे.

जुन्या तोड्याच्या बंदुकीला काय लागे? दारू, शिशाची गोळी आणि पेटता तोडा, म्हणजे सुताची हळूहळू जळणारी दोरी. दारूचे घटक तीन : शोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा जंगलातला. शोरा, म्हणजे दारूचा सर्वांत मोठा हिस्सा, हा खारवट मातीतून व जुन्या वस्त्यांच्या भिंतींजवळच्या मातीतून धुऊन काढला जाई. उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः बिहारात, हा मोठा धंदा होता. ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल-बिहारवर जी पकड बसवली तिच्या लाभांत कापडाइतकाच हा शोराही मोजला पाहिजे; युरोपातल्या कित्येक लढायांत बिहारच्या मातीचा धूर झाला आहे. गंधक मात्र हिंदुस्थानात जवळजवळ नाहीच. तो समुद्रमार्गे येई. शिसेही बहुतांशी बाहेरचेच. परंतु हे दोन्ही जिन्नस बाजारात सुटे मिळत, थोडे लागत आणि वर्षानुवर्षे टिकत. लोहार साचा करून देई, गोळ्या घरी ओतल्या जात.

साठवणुकीचे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी स्वतंत्र सूचना आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांना लागून नसावा, दारू ओलीपासून जपावी, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती बाहेर काढावी, उन्हे दाखवावीत व पुन्हा मोहर करून ठेवावी, असा त्यांचा आशय. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की अमात्य केवळ ‘पुष्कळ साठवा’ म्हणून थांबत नाहीत. साठा हा जिवंत प्राण्यासारखा सांभाळावा लागतो. त्याला हवा द्यावी लागते, पहारा द्यावा लागतो, आणि तो सांभाळणारा माणूस जबाबदार असावा लागतो. सह्याद्रीच्या पावसात दारू ओली झालेला किल्ला म्हणजे नुसता दगडांचा ढीग, हे त्यांना ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकात बंदूक सुधारली. तोडा गेला, चकमक आली, आणि मग आली तांब्याची चिमुकली टोपी. बंदुकीच्या घोड्याचा ठोका तिच्यावर पडला की आतल्या स्फोटक द्रव्याची ठिणगी नळीत शिरते. पावसातही बार उडू लागला, शिकाऱ्याची व शिपायाची मोठी अडचण सरली. पण ही टोपी गावच्या लोहाराला करता येत नव्हती. तिच्यातले रसायन आणि तिचा पत्रा दोन्ही कारखान्यातले. इथे पहिला धागा तुटला. पुढे पितळी काडतूस आले. पुंगळी, तळाशी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी, सारे एकत्र. मग धूर न करणारी नवी दारू आली. इंग्रजांनी स्वीकारलेल्या तिच्या प्रकाराला कॉर्डाइट म्हणत. त्यासाठी त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत अरुवनकाडू येथे कारखाना काढला. लहान शस्त्रांची काडतुसे आपल्या पुण्याजवळ खडकीला होत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा.

म्हणजे बंदुकीची प्रत्येक सुधारणा तिच्या खुराकाचा उगम गावापासून दूर दूर नेत गेली. तोड्याच्या बंदुकीचा मालक बाजारावर थोडा अवलंबून होता, टोपीच्या बंदुकीचा मालक अधिक, आणि काडतुसाच्या रायफलीचा मालक पूर्णपणे. माझ्या मते १९४८ चे सारे नाट्य या एका वाक्यात सामावलेले आहे.

‘रिकामी पुंगळी पुन्हा भरता येत नाही का?’ हा प्रश्न मागच्या एका धाग्याखाली विचारला गेला होता. प्रश्न चांगला आहे. शिकारीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीची काडतुसे अनेक शिकारी त्या काळी घरीच पुन्हा भरत. त्याचे सुटे साहित्य बंदुकांच्या दुकानांत मिळे. परंतु .३०३ या लष्करी काडतुसाची गोष्ट निराळी. ब्रिटिश लष्करी काडतुसांत टोपीची जी रचना असे तिला बर्डन रचना म्हणतात. तीत वापरलेली टोपी सहजासहजी बाहेर निघत नाही. म्हणजे फौजेच्या चांदमारीवर पडलेल्या पुंगळ्यांचा ढीग वितळवायला उपयोगी, पुन्हा भरायला जवळपास निरुपयोगी. आणि काढता आली असती तरी नवी टोपी व कॉर्डाइट आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच.

सत्तेला हे सारे फार लवकर उमगले होते. १८५७ च्या उठावाच्या ऐन धामधुमीत कंपनी सरकारने शस्त्रे आणि दारूगोळा यांची आयात, निर्मिती व विक्री यांवर निर्बंध घालणारा कायदा केला, त्या वर्षीचा अठ्ठाविसावा. पुढच्याच वर्षी चांदा जिल्ह्यात मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके उठले. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांद्याला फाशी दिले गेले. १८७८ चा लिटनचा शस्त्रकायदा तर सर्वश्रुत आहे. त्याची चर्चा आपण नेहमी ‘हिंदी माणसाच्या हातून तलवार काढून घेतली’ अशी करतो. पण कायद्याचा मजकूर वाचला की दिसते, सरकारला हवे तेव्हा शिसे, गंधक आणि शोरा यांनाही लष्करी सामग्रीच्या व्याख्येत ओढण्याची सोय त्यात ठेवलेली होती. बंदूक एकदाच हिसकावावी लागते. तिचा खुराक रोखला की ती मालकाच्या हातात राहूनही गेल्यातच जमा.

आता निजामाकडे वळू.

मराठी वाचकाला निजामाची फौज आठवते ती खर्ड्याच्या लढाईसाठी, मार्च १७९५. त्या लढाईत निजामाच्या बाजूने रेमाँ नावाचा फ्रेंच सेनानी लढला. त्याच साली त्याने हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. आजही हैदराबादच्या त्या भागाला गनफाउंड्री म्हणतात. म्हणजे खर्ड्याला पराभूत झालेले हे राज्य त्या वेळी स्वतःच्या तोफा स्वतः ओतत होते. मार्च १७९८ मध्ये रेमाँ वारला. त्याच वर्षी सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला आणि ऑक्टोबरात ती फ्रेंच पलटण निःशस्त्र करून मोडण्यात आली. पुढे दीडशे वर्षे निजामाचे संरक्षण हे इंग्रजांचे काम झाले. निजाम त्यासाठी मुलूख आणि पैसा देत राहिला. किनाऱ्यावरचे प्रदेश तर त्याआधीच, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजांकडे गेले होते. जगातील अतिश्रीमंतांत गणल्या गेलेल्या माणसाच्या राज्याला एकही बंदर नव्हते, आणि आपल्या शिपायाच्या कमरेची गोळीही ते वरिष्ठ सत्तेकडून घेत होते.

१५ ऑगस्ट १९४७ ला ती वरिष्ठ सत्ता नाहीशी झाली.

निजामाने सामील होण्याचे टाळले. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. या कराराचे राजकीय अर्थ पुष्कळ काढले गेले आहेत, पण दोन्ही बाजूंना त्यातून एकच वस्तू हवी होती, आणि ती म्हणजे वेळ. भारत सरकारला काश्मीर आणि फाळणीच्या निर्वासितांतून डोके वर काढायला वेळ हवा होता. हैदराबादला साठा करायला वेळ हवा होता. सिकंदराबादच्या छावणीतून भारतीय फौजा निघून गेल्या, तशी निजाम सरकारची मागणी वाढली की पूर्वी वरिष्ठ सत्ता ज्याप्रमाणे शस्त्रे व दारूगोळा देत असे त्याप्रमाणे भारताने द्यावा. भारताने दिला नाही. देईलच कसा? कासिम रझवी रोज लाल किल्ल्यावर निजामाचा झेंडा लावण्याच्या वल्गना करीत असताना खडकीची काडतुसे आगगाडीत घालून हैदराबादला पाठवावीत, अशी अपेक्षा मीर लायक अली यांच्या सरकारने खरोखर केली होती की ती केवळ तक्रारीची जागा तयार करणे होते, याविषयी मतभेद होऊ शकतात. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते.

मग बंदराचा शोध सुरू झाला. गोव्यासंबंधी, विशेषतः मुरगाव बंदरासंबंधी, हैदराबादने पोर्तुगालशी बोलणी करून पाहिली. नकाशा काढून पाहावा म्हणजे त्या कल्पनेतली अगतिकता कळते. मुरगावला माल उतरला असता तरी हैदराबादच्या हद्दीपर्यंत मध्ये सगळा भारतच पसरलेला होता.

आणि येथे राजुरा पुन्हा कथेत येते.

बल्लारशाह ते काजीपेठ हा लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास थेट जोडले गेले. नदी ओलांडली की ही गाडी निजामाच्या मुलुखात, राजुरा तालुक्यात शिरते. विरूरचे स्थानक याच मार्गावरचे. तिथून सरळ काजीपेठ, आणि काजीपेठहून वरंगळ अगदी जवळ. संस्थानाचा उत्तरेकडचा हा दरवाजा होता. पण त्याची कडी नदीच्या अलीकडे, बल्लारशाहला होती. भारताने नाकेबंदी केली तेव्हा असे सारेच दरवाजे बंद होऊ लागले. शस्त्रांचीच नव्हे तर औषधे, इंधन, मीठ यांचीही कोंडी झाल्याची तक्रार हैदराबादने केली. भारताने ती तशी मान्य केली नाही. सीमेवरच्या सामान्य माणसाला मात्र राजकारण रॉकेलच्या डब्यावरून कळते, हे आपण कोणत्याही काळासाठी म्हणू शकतो.

जमिनीवरून वाट उरली नाही म्हणून निजाम सरकार आकाशाकडे वळले. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर विमानातून टेहळणीची छायाचित्रे काढण्याचे तंत्र ब्रिटिशांसाठी विकसित करणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे. युद्ध संपल्यावर जगात दोन गोष्टींचा सुकाळ होता, बेकार वैमानिकांचा आणि उरलेल्या शस्त्रांचा. १९४८ मध्ये कॉटनने कराचीहून हैदराबादकडे लँकेस्ट्रियन जातीच्या विमानांनी शस्त्रे पोचवण्यास आरंभ केला. हे विमान म्हणजे युद्धातल्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाचे नागरी रूप. उड्डाणे बहुधा रात्रीची. उतरण्याच्या जागा बीदर, वरंगळ आणि राजधानीजवळच्या. भारतीय हद्दीवरून ही विमाने जात असत, आणि रात्री त्यांना अडवण्याची पुरेशी साधने तेव्हा भारतीय हवाई दलाजवळ नव्हती.

कथा इतकी चित्तवेधक आहे की बहुतेक लेख इथेच रमतात. आपण थोडे अंकगणित करू. हे गणित माझे आहे, कोणत्या दफ्तरातले नव्हे.

हैदराबादच्या नियमित फौजेचा आकडा सामान्यतः २२,००० च्या आसपास दिला जातो. प्रत्येकाला केवळ १०० काडतुसे द्यायची म्हटली तरी २२ लाख काडतुसे झाली. .३०३ चे एक काडतूस साधारण २५ ग्रॅम भरते. म्हणजे सुमारे ५५ टन, पेट्यांचे वजन वेगळे. एका विमानात चार टन चढले असे धरले तर केवळ यासाठी चौदा फेऱ्या. आणि १०० काडतुसे म्हणजे किती? ब्रेन मशीनगन मिनिटाला पाचशे गोळ्यांच्या वेगाने चालते. नेटाच्या लढाईत एका दिवसात हा वाटा संपून जाईल. तोफांचे तर बोलायलाच नको. २५ पौंडी तोफेचा नुसता गोळा ११ किलोंहून जड. एका टनात जेमतेम ८८ गोळे. एक विमान भरून आणलेले गोळे एक बॅटरी सकाळच्या न्याहारीपर्यंत उडवून मोकळी होईल.

आता याच्याशी रेल्वेची तुलना करा. त्या काळचा साधा चारचाकी मालडबा वीस-बावीस टन माल नेई. तीन डबे म्हणजे सगळ्या फौजेची ती ५५ टन काडतुसे, तीही एका खेपेत. विरूरच्या स्थानकातून जाणारी एक सामान्य मालगाडी जे करू शकली असती ते कॉटनची सारी साहसे मिळून करू शकणे कठीण होते. सीमेवरचा हा रूळ निजामाच्या पायाखाली होता, पण कामाचा नव्हता.

शिवाय आलेली शस्त्रे वेगवेगळ्या घडणीची असली की दारूगोळ्याची डोकेदुखी आणखी वाढते. जगाच्या बाजारातून मिळेल ते उचलले तर प्रत्येक बंदुकीचे काडतूस निराळे. दहा जातींच्या बंदुका आणि नऊ जातींची काडतुसे असलेला दारूखाना दिसायला मोठा असतो, आणि ऐन वेळी नेमकी दहावी जात हाताशी येते. आज्ञापत्रातला हवालदार इथे हवा होता.

मग रझाकारांकडे काय होते? त्यांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाते. हा आकडा फुगवलेला असावा असे अनेकांचे मत आहे. त्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाकडे आधुनिक शस्त्रे आणि उरलेल्यांकडे मुख्यत्वे ठासणीच्या बंदुका व तलवारी होत्या, असे ऑपरेशन पोलोच्या इतिहासात म्हटले जाते. म्हणजे फिरून आपण भरमारीपाशीच आलो! काडतूस मिळत नाही तेव्हा माणूस मागे सरकत त्या हत्यारापर्यंत जातो ज्याचा खुराक त्याला स्वतः जमवता येतो. निःशस्त्र खेड्याला धाक घालायला भरमार पुरते. त्या धाकाचे भयंकर अनुभव मराठवाड्याच्या आणि आमच्या सीमेच्या गावांनी घेतले. रणगाड्यासमोर मात्र ती काठीहून फारशी उपयोगी नाही.

हे साठवणे एकाच बाजूने चालले होते असेही नाही. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी भारतीय हद्दीत सीमेलगत शिबिरे उघडली होती आणि त्यांनाही हत्यारे व काडतुसे हवी होती. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेडजवळच्या उमरी येथील बँक लुटण्यात आली, ती या लढ्याच्या खर्चासाठी. तिकडे तेलंगणात कम्युनिस्टांची दले गोफणी आणि भरमारींनी आरंभ करून शत्रूकडून हिसकावलेल्या रायफलींपर्यंत पोचली होती. हिसकावलेल्या रायफलीची मेख तीच. पहिली रायफल मिळवायला धाडस लागते, आणि दुसऱ्या दिवशीची गोळी मिळवायला पुन्हा तेवढेच धाडस.

आमच्या जिल्ह्याने, म्हणजे तेव्हाच्या आदिलाबादने, याचा धडा आठ वर्षांपूर्वीच पाहिला होता. १९४० मध्ये आसिफाबादच्या डोंगरांत जोडेघाट येथे कोमराम भीम आणि त्यांचे सहकारी निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जंगल-जमिनीवरच्या हक्कासाठी बारा गावे एकवटली होती. समोर सरकारी रायफली, इकडे बहुतेकांकडे पारंपरिक हत्यारे. पुढे हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करायला पाचारण केले, ते या घटनेनंतर. भीमांची लढाई गोळ्यांच्या तुटवड्यामुळे हरली असे म्हणणे उथळपणाचे होईल. पण सरकारी काडतूस कोणाकडे तोंड करून उडते हे त्या डोंगरांना कळले होते, एवढे नक्की.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मुख्य रोख सोलापूरकडून. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. तिथला बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी भारतीय तुकड्यांच्या हाती आला. दुसरा मोठा रोख विजयवाड्याकडून. १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ ला सेनापती एल एद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती पत्करली. संयुक्त राष्ट्रांत दाद मागायला गेलेले हैदराबादचे शिष्टमंडळ त्या वेळी पॅरिसमध्येच होते.

मोहीम पाच दिवसांत आटोपली. आता उलट्या बाजूने विचार करून पाहा. समजा साठा दुप्पट असता. मग काय झाले असते? काही दिवस आणखी लढाई, आणखी काही हजार मृत्यू. निकाल बदलला असता असे मानायला मला जागा दिसत नाही. चहूबाजूंनी वेढलेल्या, बंदर नसलेल्या, काडतुसांसाठी दुसऱ्याच्या कारखान्याकडे पाहणाऱ्या राज्याचा साठा हा घड्याळातल्या वाळूसारखा असतो. वाळू अधिक भरली म्हणून ती वर चढत नाही. आणि ज्या प्रजेच्या बहुसंख्येला ते राज्य नकोच होते, तिच्यापासून जो साठा लपवून ठेवावा लागतो, त्यावर पहारा ठेवायलाच अर्धी फौज लागते.

एक अप्रिय बाब या धाग्यातून वगळणे मला अप्रामाणिक वाटते. शरणागतीनंतर संस्थानाच्या काही जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. भारत सरकारच्या वतीने पाहणी करून आलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांना. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवलेला होता. आकड्यांवर आजही वाद आहेत. पण ज्यांच्या रक्षणाचे नाव घेऊन रझाकारांनी शस्त्रे जमवली, ती सामान्य माणसे त्या शस्त्रांनी वाचली नाहीत. बंदुका घेऊन मिरवणारे पळाले वा पकडले गेले आणि मागे राहिलेल्या शेजाऱ्यांनी, विणकरांनी, कुळांनी त्याची किंमत मोजली. १७ सप्टेंबरचा आनंद खरा आहे आणि हेही खरे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही एका वहीत लिहावे लागते.

सिडनी कॉटनचे काय झाले? इंग्लंडमध्ये त्याच्यावर हवाई वाहतुकीच्या कायद्याखाली खटला झाला आणि २०० पौंड दंड ठोठावण्यात आला. शस्त्रांच्या व्यवहारातील पैशांच्या मानाने ही रक्कम म्हणजे एसटीत विनातिकीट सापडल्यासारखी!

राजुऱ्याचा प्रवास पुढे बराच वळणावळणांचा झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तालुका आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. तोवर नदीवरचा तो पहारा, ती नाकेबंदी वयस्कर माणसांच्या बोलण्यापुरती उरली होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर चांदा जिल्ह्यातच, भद्रावतीला, दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आला. १९४८ मध्ये ज्या वस्तूसाठी कराचीहून रात्रीची विमाने उडत होती, ती राजुऱ्यातल्या माणसाला आता चंद्रपूर ओलांडले की रस्त्यावरच्या पाटीवर दिसते. आमच्याकडची कित्येक मुले आयटीआय करून त्या कारखान्याच्या भरतीची वाट पाहतात.

मराठी-तेलुगू-गोंडी बोलणारा हा तालुका मधली तीन वर्षे थेट नांदेडला का जोडला गेला, आणि लोकांना जिल्ह्याच्या कामासाठी किती दूर जावे लागे, ते पुढच्या धाग्यात. कुणाच्या घरी निजामकाळातील परवाने, पावत्या किंवा मोडी-उर्दू कागद असतील तर ते टाकून देऊ नका. छायाचित्र काढून कळवा, वाचायला मी मदत करीन.